मोजणी चुकली असं सांगा

बायकोच्या थोरल्या बहिणीला अक्कडसासू म्हणतात. हा शब्द ज्याने घडवला तो माणूस नक्की विवाहित असणार, आणि त्याची बायको घरातली धाकटी असणार. बहुतेक पुरुषांना आपली अक्कडसासू वर्षातून चार-दोनदा भेटते, तीही जेवणाच्या टेबलापाशी. मला ती आठवड्यातून सहा दिवस भेटते. माझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर, व्हायोलिन घेऊन.

आम्ही दोघं शहराच्या वाद्यवृंदात दुसरं व्हायोलिन वाजवतो. 'दुसरं' हा दर्जा नाही, नुसती जागा आहे, असं आम्ही लोकांना समजावून सांगतो. लोक समजल्यासारखं करतात. चाल पहिल्या व्हायोलिनवाल्यांकडे असते, आमच्याकडे उरलंसुरलं येतं. कागद ठेवायच्या एका स्टँडमागे दोघं बसतात. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो थोरला, आतल्या बाजूला बसतो तो धाकटा. कागदाचं पान उलटायचं काम धाकट्याचं. तो पान उलटतो तेवढा वेळ त्याचं वाजवणं बंद पडतं आणि थोरल्याचं चालू राहतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला मध्ये भोक पडल्याचं कळत नाही. मी एकोणीस वर्षं ताईंसाठी पान उलटतो आहे. आधी त्यांनी मला स्टँडवर पारखलं. हा माणूस पान फार लवकर उलटत नाही आणि फार उशिराही नाही, अशी खात्री पटल्यावर मग त्यांनी मला धाकटी बहीण दाखवली. आमचा प्रेमविवाह आहे. प्रेम नंतर झालं, एवढंच.

ताईंची ख्याती मोजण्यासाठी आहे. वाद्यवृंदात निम्मा पगार गप्प बसण्याचा असतो. मोठमोठ्या रचनांमध्ये आम्हाला कधी कधी चाळीस-पन्नास ओळी नुसतं बसून राहायचं असतं, आणि मग बरोबर एका मात्रेवर उठायचं असतं. कोणी बोटांवर मोजतं, कोणी बुटात अंगठा हलवून मोजतं, कोणी शेजाऱ्याच्या भरवशावर राहतं. मी शेवटच्या प्रकारातला. ताई समोर बघत बसतात, चेहऱ्यावर काही नसतं, आणि योग्य क्षणी त्यांचं व्हायोलिन हनुवटीखाली जातं. ते गेलं की आमची सगळी रांग आपापलं उचलते. त्या चुकल्याचं कोणी पाहिलेलं नाही. म्हणूनच दुसऱ्या व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवरचे आजोबा (हे नातं नाही, टोपणनाव आहे) या हंगामाच्या शेवटी निवृत्त होणार असं ठरलं, तेव्हा ती खुर्ची कोणाची यावर चर्चासुद्धा झाली नाही. आमच्या संचालकांना आम्ही त्यांच्या हातातल्या काठीवरून काठीसाहेब म्हणतो. त्यांनी ताईंना जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये थांबवून सांगितलं, "पुढच्या हंगामात तुम्ही पुढे. हा एक शेवटचा कार्यक्रम होऊ दे, सोमवारी जाहीर करतो."

पंचवीस वर्षं ताई त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसल्या होत्या. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. संध्याकाळी बहिणीला फोन करून मात्र तासभर बोलल्या. त्यातला पाऊण तास पुढे बसल्यावर पान कोण उलटणार यावर होता, असं मला नंतर कळलं.

हा 'एक शेवटचा कार्यक्रम' म्हणजे त्या मंडळींचा.

त्या मंडळींना सगळं जग ओळखतं. तीस वर्षं झाली, गिटारी, ड्रम आणि चार माणसं. आमच्या इमारतीत त्यांचं नाव कोणी घेत नसे, 'ती मंडळी' म्हणत. एखाद्या घराण्यात पळून गेलेल्या मुलीचा उल्लेख करावा तसं. त्यांना आपल्या मैफलीत मागे एक अख्खा वाद्यवृंद हवा होता आणि आमच्या व्यवस्थापनाला भरलेलं मैदान हवं होतं. दोन्ही बाजूंनी कोणी संगीताचा विचार केलेला नसल्यामुळे करार पटकन झाला.

तालमी सुरू झाल्या त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कॉफीच्या मशीनपाशी लढाई पेटली.

पहिला चेलो वाजवतात त्यांना आम्ही प्राध्यापक म्हणतो, कारण ते कुठल्याही विषयावर पंचेचाळीस मिनिटं बोलू शकतात. ते म्हणाले, "चार सूर आहेत. तीस वर्षं तेच चार सूर. आलटून पालटूनसुद्धा नाही, त्याच क्रमाने."

"मग तुम्ही वाजवा ना चार सूर," ट्रंपेटवाला म्हणाला. "भरवून दाखवा मैदान."

"मैदान कुस्तीलाही भरतं."

"मग कुस्ती खेळा."

ओबोवाली, म्हणजे आमच्यातली परदेशी सनई वाजवणारी, फार हळू बोलते, त्यामुळे तिचं जास्त लागतं. ती म्हणाली, "मला त्यांच्या सुरांचं काही नाही हो. पण त्या गायकाचा वरचा सूर. माणूस जिना चढून दारापर्यंत जातो आणि बेल न वाजवता परत येतो."

"लोक आतून दार उघडतात, त्याला बेल कशाला लागते?" ट्रंपेटवाला म्हणाला.

खरं सांगायचं तर हा वाद सुरांचा नव्हता. आम्ही सगळे वयाच्या सहाव्या वर्षापासून बोटं सुजेपर्यंत रियाज केलेले लोक. इतर मुलं खेळायला जायची तेव्हा आम्ही खिडकीत उभं राहून एकच ओळ साठ वेळा घोटायचो. आणि मग चार माणसं येतात, चार सूर वाजवतात, आणि जग त्यांच्या मागे धावतं. याचा अर्थ एक तर जग मूर्ख आहे, नाहीतर आपण. दोन्ही पर्याय आमच्या पगारात बसत नाहीत. म्हणून काही जण त्या मंडळींना नावं ठेवतात. काही जण 'लोकांना आवडतं ना, झालं तर' असं म्हणून मोठ्या मनाचे होतात, तोही नावं ठेवण्याचाच प्रकार, फक्त इस्त्री केलेला.

प्राध्यापकांनी ताईंकडे मोर्चा वळवला. "ताई, तुम्ही काहीच बोलत नाही."

"मला आवडतात," ताई म्हणाल्या.

प्राध्यापकांनी हातातला कप मशीनवर ठेवला.

"आवडतात म्हणजे? गमतीने?"

"गमतीने कसं आवडतं ते मला माहीत नाही. आवडतात. इस्त्री करताना लावते. मोठ्याने लावते. वरच्या मजल्यावरचा माणूस काठी आपटतो, तोही तालात आपटतो."

"पण कारण काहीतरी असेल ना? तुमच्यासारख्या वाजवणारीला..."

"कारण द्यायला मी परीक्षेला बसलेय का? तुम्हाला तुमची बायको आवडते, मी कधी कारण विचारलं?"

प्राध्यापकांची ही दुसरी बायको होती, त्यामुळे प्रश्न जरा आतपर्यंत गेला. ट्रंपेटवाल्याने टाळीसाठी हात पुढे केला. ताईंनी त्या हातात आपला रिकामा कप ठेवला. "तुम्हीही उगाच खूश होऊ नका. मागच्या आठवड्यात तुम्ही दोनदा चुकीच्या ठिकाणी शिरलात."

परत वर जाताना जिन्यात मी म्हणालो, "ताई, सोमवार होईपर्यंत जरा जपून बोललं तर?"

"का? सोमवारी मला वेगळं आवडायला लागणार आहे?"

शेवटच्या तालमीला ती मंडळी आली. गायक माझ्याच वयाचा निघाला. एका गुडघ्याला पट्टा, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. उशीर झाल्याबद्दल त्याने सत्तर जणांची माफी मागितली, जी आमचे पाहुणे गायक कधी मागत नाहीत. प्राध्यापक थोडे नाराज झाले, कारण उद्धट माणसाचा तिरस्कार सोपा पडतो. त्यांच्यापैकी कोणापुढेही कागद नव्हता. आमच्यापुढे होता. कुणा तज्ज्ञाने त्यांची गाणी आमच्यासाठी लिहून काढली होती, आणि आमच्या वाट्याला आलं होतं ते असं: एक सूर, चार मात्रा. मग पुढचा सूर, चार मात्रा. दोन पानं भरून.

काठीसाहेब बुटके, सभ्य गृहस्थ. कधी ओरडत नाहीत. राग आला की आभार मानतात. त्यांनी गायकाला विचारलं, "शेवटच्या गाण्याचं ध्रुवपद. ते शेवटी किती वेळा घ्यायचं?"

"ते लोकांवर आहे," गायक म्हणाला.

"माझ्याकडे दोनदा लिहिलंय."

"लोक गायला लागले की कधी चार होतात, कधी सहा. ते थांबले की आम्ही थांबतो."

"माझ्याकडे सत्तर माणसं आहेत. त्यांना लोक दिसत नाहीत, कागद दिसतो. त्यांना आकडा लागतो."

गायकाने आमच्याकडे पाहिलं. नाटकवाले विम्याच्या माणसाकडे बघतात तसं. "बरं. दोनदा," तो म्हणाला. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सांगितल्यावर माणूस 'बरं' म्हणतो, तेच ते बरं.

"आभारी आहे," काठीसाहेब म्हणाले.

कार्यक्रम खेळाच्या मैदानावर होता. संध्याकाळची उन्हं अजून मागच्या रांगांवर होती आणि लोक मावत नव्हते. व्यवस्थापनाने आमच्या प्रत्येक खुर्चीवर पिवळ्या फोमच्या बोळ्यांचं पाकीट ठेवलं होतं, कानात घालायला. एवढ्या मोठ्या आवाजात बसायचं तर नियमच आहे तसा. सगळ्यांनी घातले. प्राध्यापकांनी तर ती मंडळी मंचावर यायच्या आधीच घातले, मत आधीच ठरलेलं बरं. ताईंनी पाकीट न फोडता माझ्या खिशात सरकवलं.

"बहिणीला द्या. तुम्ही घोरता म्हणते ती."

"ताई, कान जातील."

"जाऊ देत एक संध्याकाळ. एरवी कानांना कोण विचारतंय आपल्याकडे?"

बोळे घातल्यावर जग पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. ड्रम बरगड्यांत लागतो, बाकी सगळं लांबून येतं. काठी दिसत असते, कागद दिसत असतो, आणि खरं म्हणजे आम्हाला त्याहून जास्त कधी लागलेलं नाही. दीड तास आम्ही असे वाजवत राहिलो. वाईट वाजवलं नाही. चार मात्रांचा एक सूर सत्तर जणांनी एकत्र धरला की तो एखाद्या भिंतीसारखा उभा राहतो, हे मला तेव्हा बोळ्यांतूनही जाणवलं. पण मी कोणाला बोललो नाही. प्राध्यापक समोरच बसले होते.

मग शेवटचं गाणं आलं. ध्रुवपद एकदा झालं. दुसऱ्यांदा सुरू झालं आणि गायकाने माइक लोकांकडे धरला.

लोक गायले. मी ते ऐकलं नाही, पाहिलं. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे मिटून तोंड उघडत होती आणि तिच्या शेजारचा पोलीसही. ओळ संपली, गायकाने हात गोल फिरवला, परत सुरुवात. दोन झाली होती. कागदावर शेवटचा सूर आला होता, लांबलचक, भरघोस, आणि काठीसाहेबांनी तो मोठ्या ऐटीत उघडला, धरला, आणि मुठीत बंद केला. आम्ही शिस्तीत थांबलो. गज वर, क्षणभर स्तब्ध, मग वाद्यं मांडीवर. अगदी सुंदर शेवट. फक्त गाणं चालू होतं. वरात पुढे जाऊन पोचली होती आणि नवरदेव अजून मागे चौकात नाचत होता.

असली चूक आमच्याच हातून व्हावी. कुठलाही लग्नाचा बँड, कुठलाही रस्त्यावरचा पेटीवाला असं करणार नाही. ती करायला अनेक वर्षांचं शिक्षण लागतं.

मी सवयीने पानाच्या कोपऱ्याला हात लावला. उलटायला काही नव्हतं. पानाच्या शेवटी जाड उभी रेघ होती, जी आमच्या धंद्यात 'संपलं' असं सांगते. आणि माझ्या उजव्या बाजूला काहीतरी हललं.

ताई वाजवत होत्या. व्हायोलिन हनुवटीखाली, नजर समोर, चेहऱ्यावर काही नाही. एक सूर, चार मात्रा. पुढचा सूर, चार मात्रा.

"ताई," मी ओठ न हलवता म्हणालो. "संपलं."

त्यांनीही ओठ न हलवता उत्तर दिलं. ते ऐकायला मला एका कानातला बोळा काढावा लागला, आणि त्या एका कानातून सगळं मैदान आत आलं. आयुष्यात इतकी माणसं एका सुरात मी ऐकलेली नाहीत. एका सुरात म्हणजे साधारण एका सुरात. ओबोवालीने खोट काढली असती. पण त्या आवाजाखाली कुठेतरी एकच व्हायोलिन चालू होतं आणि ते बरोबर जागेवर होतं.

"काय म्हणालात?"

"वाजवा म्हटलं, जावईबापू. नाहीतर निदान तोंड मिटा. फोटो काढतायत."

मी शूर माणूस नाही. मी विचार केला तो एवढाच, की काठीसाहेब मला आठवड्यातून सहा दिवस दिसतात, पण ताई सातव्या दिवशी जेवायलाही येतात. मी व्हायोलिन उचललं.

मग मागून ट्रंपेटवाला उभा राहिला. तो वाट बघत असावा. मग दोन व्हायोला, मग शेवटच्या रांगेतला डबल बासवाला, मग हळूहळू पहिल्या व्हायोलिनांतले काही जण, एकमेकांकडे न बघता. बाकीचे बसून राहिले. त्या मंडळींबद्दल वाद्यवृंदात मतभेद आहेत असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो होतो. आता ते मैदानभर लोकांना दिसत होते, निम्मी व्हायोलिनं हनुवटीखाली आणि निम्मी मांडीवर. प्राध्यापकांनी चेलो दोन्ही हातांनी कवटाळून धरला होता, कोणी तो वाजवायला नेईल अशा भीतीने. ओबोवालीने वाद्य ओठांपर्यंत नेलं, काठीसाहेबांकडे पाहिलं, आणि फक्त त्यातली थुंकी पुसली.

काठीसाहेबांपुढे दोन रस्ते होते, काठी पुन्हा उचलायची किंवा नाही. त्यांनी हाताची घडी घातली. मी त्यांना दोष देत नाही. सांगितल्याशिवाय चालू झालेल्या गोष्टीला मागाहून हुकूम देणं हे सरकारला जमतं, कलावंताला नाही.

ध्रुवपद आणखी काही वेळा झालं. मग ताईंनी गज जरा लांब ओढला, आम्ही ओढला, गायकाने हात वर नेला, ड्रम पडला, आणि सगळं एकदम थांबलं. मैदान, ती मंडळी आणि निम्मा वाद्यवृंद. गायक वळला आणि त्याने कोणाकडे पाहून मान झुकवली ते मला दिसलं. ताईंनी राळेचा तुकडा काढला आणि गजाला लावायला लागल्या. कार्यक्रम संपला होता, त्याची काही गरज नव्हती.

कोणीतरी ते सगळं मोबाईलवर टिपलं होतंच. शनिवारी सकाळपर्यंत आमच्या शहरात ते न पाहिलेला माणूस उरला नाही. हाताची घडी घालून उभे असलेले काठीसाहेब, आणि त्यांच्या मागे आपलंआपलं वाजवणारी माणसं. खाली लोकांनी लिहिलं होतं ते मी वाचलं. एकाने 'छत्री विकणारा उन्हात उभा आहे' असं लिहिलं होतं. मला हसू आलं, मग वाईट वाटलं, मग पुन्हा हसू आलं.

रविवारी आमच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. ताई खिडकीपाशी बसून बहिणीच्या शिवणाच्या डब्यातली सुई शोधत होत्या. त्यांच्या काळ्या कोटाचं बटण त्या गाण्यात तुटलं होतं.

"ताई, सोमवारी तू सरळ सांग," बायको म्हणाली. "मोजणी चुकली. गोंगाट होता, किती वेळा झालं ते कळलं नाही. माणूस चुकतो. साहेबांना तेवढंच हवंय, त्यांची लाज राहील, तुझी खुर्ची राहील."

"हं."

"हं काय? पंचवीस वर्षं वाट बघितलीस."

"सुईत दोरा ओव. मला दिसत नाही."

बायकोने दोरा ओवला आणि माझ्याकडे वळली. "नाहीतर तू सांग. तू पान चुकीचं उलटलंस म्हणून सांग. मागचं पान पुन्हा समोर आलं, ती वाजवत राहिली. तुझं काय जातंय? तुला कोण खुर्ची देतंय?"

बायकोचा माझ्या कारकिर्दीवरचा विश्वास असा नेमका असतो. पण युक्ती चांगली होती. मागे बसणाऱ्यांत असं होतं अधूनमधून, सगळ्यांना माहीत आहे. मी ताईंकडे पाहिलं. त्या बटण लावत होत्या आणि तोंडात दोरा होता. मी ते मौन होकार समजलो. एकोणीस वर्षांत मी त्यांचं मौन एकदाही बरोबर ओळखलेलं नाही, हे मी विसरलो.

सोमवारी काठीसाहेबांच्या खोलीत आम्हाला दोघांना बोलावलं. खोली लहान आहे. भिंतीवर जुन्या संचालकांचे फोटो, सगळे कोणाच्या तरी चुकीकडे बघत असल्यासारखे. टेबलावर काठ्यांचं एक उभं भांडं, फुलदाणीसारखं.

"बसा," काठीसाहेब म्हणाले. "मी रागावलेलो नाही."

त्यांनी आभार मानले नव्हते, म्हणजे ते खरं होतं.

"ताई, मी तुम्हाला एकच गोष्ट सांगतो. सत्तर माणसं आहेत. सत्तर डोकी, सत्तर आवडीनिवडी. काठी बंद झाली की थांबायचं, या एका गोष्टीवर हे सगळं उभं आहे. ती गेली तर आपण सत्तर जण एका खोलीत गोंगाट करणारे लोक आहोत."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या.

"त्या रात्री गडबड झाली. गायकाने शब्द पाळला नाही. तुमची मोजणी चुकली. होतं. मी आत जाऊन सगळ्यांना तेवढंच सांगतो, आणि लगेच पुढच्या हंगामाच्या खुर्च्या जाहीर करतो. विषय संपला."

आता माझी पाळी होती. मी घसा साफ केला. "साहेब, खरं म्हणजे चूक माझी. मी पान मागे उलटलं. ताईंच्या समोर पुन्हा..."

"यांनी काही उलटलेलं नाही," ताई म्हणाल्या. "शेवटचं पान होतं. उलटायला काय होतं त्यांच्याकडे? स्टँड?"

"ताई, मी सांगतोय ना..."

"जावईबापू, गप्प बसा. तुम्ही आजवर एक पान चुकवलेलं नाही. इतक्या वर्षांचं चांगलं काम एका खुर्चीसाठी का नासवता? माझीच खुर्ची, वर माझ्यावर उपकार."

काठीसाहेबांनी भांड्यातली एक काठी काढली आणि परत ठेवली. "मग तुमची मोजणी चुकली."

"नाही चुकली."

"ताई, एक वाक्य आहे. मोजणी चुकली असं सांगा. मी पुढे काही विचारणार नाही."

"साहेब, तुम्ही मला पुढची खुर्ची कशासाठी देताय?"

काठीसाहेबांना कळलं होतं. मला कळायला अर्धा क्षण जास्त लागला, नेहमीसारखा.

"माझा हात काही फार मोठा नाही," ताई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगलं वाजवणारे चौघं आहेत रांगेत. तुम्ही ती खुर्ची मला देताय कारण माझी मोजणी चुकत नाही. आणि ती मिळवायला मी काय सांगायचं, तर मोजणी चुकली. मग तिथे बसून मी करायचं काय?"

"मग का वाजवलंत? काठी बंद झालेली तुम्ही पाहिलीत."

"पाहिली."

"कागद संपला होता."

"तोही पाहिला. गाणं संपलं नव्हतं, साहेब. आपणच संपलो होतो."

बाहेर कोणीतरी ट्रंपेटवर वरखाली जात होतं. सगळे दाराबाहेर ऐकत उभे होते, ते आम्हाला कळू नये म्हणून एवढा खटाटोप.

"त्या मंडळींसाठी?" काठीसाहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चिडीपेक्षा कुतूहल जास्त होतं. "तुम्ही एवढी वर्षं आपल्याकडचं काय काय वाजवलंय. आणि हट्ट धरताय तो त्या चार सुरांसाठी?"

"चार सुरांसाठीच तर. मोठ्या रचनेसाठी कोणीही हट्ट धरेल, त्यात मान आहे."

काठीसाहेबांनी काठ्यांचं भांडं बाजूला सरकवलं. "मग मी तुम्हाला पुढे बसवू शकत नाही. आणि आता आहात तिथेही नाही. तिथून तुम्ही सगळ्यांना दिसता."

"मागे बसवा. मागून दिसत नाही, ऐकू येतं तेवढंच."

"आभारी आहे," काठीसाहेब म्हणाले.

ताई उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "हे माझ्याबरोबर येतील. मागे उजेड कमी असतो, पान उलटायला माणूस सवयीचा लागतो." मला कोणी विचारलं नाही. त्या घरात मला कोणी कधी विचारलेलं नाही, आणि आता लक्षात आलं की त्या इमारतीतही नाही.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या तालमीला ताईंनी स्वतःची खुर्ची उचलली. मागे खुर्च्या होत्या, पण त्यांना हीच हवी होती. पहिल्या खुर्चीवर आता आमच्या मागची मुलगी बसली होती, हात चांगला, मोजणी धाडसी. ताई सगळ्या रांगेतून, सगळ्यांच्या गुडघ्यांना खुर्चीचे पाय लावत, सावकाश मागे गेल्या. "पाय घ्या. पाय घ्या. प्राध्यापक, तुमचा चेलो घ्या, नाहीतर वाजेल." मी स्टँड घेऊन मागून. शेवटच्या स्टँडच्या पाठीशी ट्रंपेटवाले बसतात. तिथे बसल्यावर आमच्या ट्रंपेटवाल्याने पुढे वाकून ताईंच्या हातात कॉफीचा कप दिला. भरलेला होता.

तालीम एका फार मोठ्या, फार गंभीर रचनेची होती. तिच्या मध्यावर आम्हाला लांब विश्रांती आहे. अशा वेळी काठीसाहेब कधी कधी काठी सहायकाकडे देतात आणि स्वतः खाली जाऊन रिकाम्या सभागृहात फिरतात, लांबून कसं ऐकू येतं ते बघायला. त्या दिवशी ते फिरत फिरत मंचाच्या मागच्या बाजूने वर आले. मला त्यांचे बूट दिसले. ते आमच्या स्टँडपाशी थांबले. पुढे पहिल्या खुर्चीवरच्या मुलीने व्हायोलिन उचललं होतं, मग खाली ठेवलं होतं, मग पुन्हा अर्धवट उचललं होतं. तिच्या मागची सगळी रांग तिच्याबरोबर अर्धवट हलत होती.

काठीसाहेब ताईंच्या खांद्याशी वाकले. "एक विचारायचं होतं," ते अगदी हळू म्हणाले. "त्या रात्री, शेवटी. ते किती वेळा झालं, तुम्ही मोजत होता?"

ताईंची नजर समोरून हलली नाही.

"साहेब, मी आत्ताही मोजतेय. मध्ये बोलू नका."

काठीसाहेब सरळ झाले. गेले नाहीत, उभेच राहिले. ट्रंपेटवाला खोकला. मी पानाच्या कोपऱ्याला बोट लावून ठेवलं.

मग ताईंची खुर्ची करकरली, त्यांचं व्हायोलिन वर गेलं, आणि मागून पुढे, एकेक करून, रांगेतली सगळी व्हायोलिनं वर गेली.